गाडीत धुराचा वास येतोय? भोकं दोन असतात, दोन्ही शोधा

चिपळूणजवळ महामार्गालगत माझं गॅरेज आहे. गाडीत सायलेन्सरच्या धुराचा वास येतो, ही तक्रार मी गेली वीस-बावीस वर्षं ऐकतोय. पावसाळ्याच्या शेवटी ती वाढते आणि गणपतीत तर रोज एखादी गाडी असतेच. यातल्या बऱ्याच गाड्या आधी कुठेतरी दाखवून आलेल्या असतात. कुणी पॅकिंग बदललेलं असतं, कुणी सायलेन्सरला ठिगळ मारलेलं असतं. चार दिवस बरं वाटतं आणि वास परत सुरू होतो.

तो परत येतो, कारण धूर केबिनमध्ये यायला दोन भोकं लागतात. एक, जिथून धूर नको तिथे सुटतो. दुसरं, जिथून तो आत शिरतो. गॅरेजवाले बहुतेकदा पहिलंच शोधतात. दुसरं तसंच राहतं आणि पुढची बारीकशी गळती झाली की धूर त्याच वाटेने आत येतो. म्हणून खाली जे सांगतोय त्यात दोन्ही भोकांचा शोध आहे. आधी फुकटातलं, मग थोड्या पैशातलं, मग अवघड.

लक्षणं: वास नक्की कधी येतो?

गाडी आली की मी बॉनेट लगेच उघडत नाही. आधी विचारतो, वास कधी येतो? या एका उत्तराने निम्मा शोध संपतो.

- गाडी उभी, इंजिन आणि ब्लोअर चालू असताना वास. ब्लोअर बाहेरची हवा वायपरखालच्या जाळीतून ओढतो. ती जाळी इंजिनच्या अगदी मागे असते. गळती पुढच्या बाजूला, इंजिनपाशी आहे.
- चालत्या गाडीत, मागच्या सीटवर जास्त, मागची काच खाली केली की आणखी जास्त. धूर मागून आत येतोय. सायलेन्सर धडधाकट असला तरी हे होऊ शकतं.
- सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर टिकटिक किंवा फटफट आवाज आणि वास, दहा मिनिटांनी दोन्ही कमी. मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनमधला धूर गोळा करून पाइपात सोडणाऱ्या भागाचं, पॅकिंग गेलंय किंवा मॅनिफोल्डला चीर आहे. धातू तापून फुगतो, फट मिटते आणि आवाज थांबतो. दुखणं मात्र तिथेच असतं.
- फक्त घाट चढताना वास. इंजिनवर भार आला की धुराचा दाब वाढतो. सपाटीला गप्प असलेली बारीक चीर चढावर बोलते. डिझेल गाडी असेल तर इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या वॉशरवर माझा पहिला संशय.
- आवाज वाढलाय, मायलेज उतरलंय, चेक इंजिनचा दिवा लागलाय. धुराच्या पाइपात बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं मिश्रणात पेट्रोल कमी आहे. मग ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवतो, म्हणजे वासही वाढतो आणि खर्चही.

आता माणसांची लक्षणं, आणि हा भाग घाईत वाचू नका. डोकं जड होणं, जांभया, मळमळ, चक्कर, गाडीतून उतरून मोकळ्या हवेत पाच-दहा मिनिटं उभं राहिलं की बरं वाटणं. आपल्याकडे घाटात कुणाला उलटी झाली की सगळे म्हणतात, "गाडी लागली." एरवी ते खरंही असतं. पण ज्याला कधी गाडी लागत नाही त्यालाही मळमळायला लागलं, किंवा मागे बसलेल्या सगळ्यांचंच डोकं एकदम दुखायला लागलं, तर ती गाडी लागणं नाही.

काही वर्षांपूर्वी मुंबईहून गावी आलेलं एक कुटुंब कुंभार्ली घाटातून कराडला निघालं होतं. मागे आजी आणि दोन मुलं. तिघांनाही घाटात उलट्या झाल्या. दादा गाडी चालवत होते, त्यांची काच उघडी होती, त्यांना काहीच झालं नाही. लिंबू, आवळासुपारी सगळं देऊन झालं. परतताना पुन्हा तेच. आजी म्हणाल्या, "मला आयुष्यात कधी एसटी लागली नाही, तर ही कशी लागेल?" म्हणून गाडी माझ्याकडे आली. सायलेन्सर नवा होता, दोनच महिन्यांपूर्वी बदललेला. त्या गाडीचं काय निघालं ते पुढे सांगतो.

हातात पाना घेण्याआधी

धुरातला खरा घातक वायू कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्याला जो वास येतो तो अर्धवट जळलेल्या इंधनाचा आणि धुरातल्या इतर घटकांचा. म्हणजे वास ही वर्दी आहे, विष वेगळं आहे. वास कमी झाला म्हणून विष कमी झालं असं धरून चालता येत नाही. नाकालाही वासाची सवय होते. अर्ध्या तासाने "आता येत नाहीये" असं वाटतं, ते पुष्कळदा त्यामुळेच.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. हवेत २०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २०० भाग) आसपास असेल तर दोन-तीन तासांत डोकं दुखायला लागतं. जागतिक आरोग्य संघटनेची घरातल्या हवेसाठीची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला १० मिलिग्रॅम प्रति घनमीटर आहे, म्हणजे साधारण ९ पीपीएम. लहान मुलं, गरोदर बाई आणि हृदयविकार असलेली माणसं यांना याचा त्रास लवकर होतो.

कोविडपासून घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. त्यावर यात विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं. माणूस गुदमरत असताना तो ९८ दाखवू शकतो.

कुणाला भोवळ आली, बोलण्यात गोंधळ झाला, शुद्ध हरपू लागली, तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना खाली उतरवा, १०८ ला फोन लावा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की गाडीचा धूर आत येत होता. हे सांगितलं नाही तर उलट्यांचं औषध देऊन घरी पाठवतील.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी न्यावीच लागली, तर पुढच्या दोन्ही काचा उघड्या, ब्लोअर बाहेरच्या हवेवर जोरात, मागच्या काचा बंद, मुलं गाडीत नाहीत. तेही फक्त गॅरेजपर्यंत.

पहिली पायरी: वास ओळखा

याला पैसे लागत नाहीत. सगळेच वास सायलेन्सरचे नसतात.

डोळे चुरचुरवणारा, जुन्या रिक्षामागे उभं राहिल्यासारखा वास असेल तर तो जळक्या धुराचा, आणि हे सगळं लिखाण त्यासाठी आहे. कुजक्या अंड्यासारखा असेल तर धूर साफ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर बिघडलाय किंवा इंजिन जास्त पेट्रोल पितंय. तव्यावर तेल करपल्यासारखा असेल तर इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, म्हणजे टॅपेट कव्हरच्या, पॅकिंगमधून ऑइल गळून तापलेल्या मॅनिफोल्डवर पडतंय. गोडसर असेल तर इंजिन गार ठेवणारं कूलंट गळतंय.

कच्च्या पेट्रोलचा वास असेल तर मात्र इथेच थांबा. इंजिन चालू करू नका, पेटती वस्तू जवळ नेऊ नका, गाडी टो करून न्या. ती गळती आगीची असते.

सीएनजी गाडीत कुबट, उग्र गॅसचा वास आला तर तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा असतो, गळती कळावी म्हणून. गाडी मोकळ्यावर उभी करून इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवा, सिलिंडरचा हातानं फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा, दारं उघडी ठेवा आणि किटवाल्याला बोलवा. सीएनजीची जोडणी स्वतः आवळायची नाही. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) करावी लागते, ती झाली आहे का तेही त्याच वेळी बघून घ्या.

दुसरी पायरी: रिसर्क्युलेशनचं बटण

रिसर्क्युलेशन म्हणजे बाहेरची हवा बंद करून केबिनमधलीच हवा फिरवणारं बटण. ही माझी आवडती तपासणी. सात-आठ मिनिटांचं काम आहे, आणि धूर पुढून येतो की मागून, हे यातून कळतं.

मोकळ्या रस्त्यावर, पुढे ट्रक किंवा डंपर नसताना, सगळ्या काचा बंद करून गाडी पन्नासच्या वेगाने चालवा. सोबत एक मोठं माणूस मागच्या सीटवर बसवा. आधी ब्लोअर बाहेरच्या हवेवर ठेवा, तीन-चार मिनिटं. मग रिसर्क्युलेशन लावा, आणखी तीन-चार मिनिटं.

रिसर्क्युलेशन लावल्यावर वास कमी झाला, तर धूर पुढच्या जाळीतून येत होता. गळती इंजिनपाशी. वास वाढला, तर धूर मागून येतोय. कारण असं, की ब्लोअर बाहेरची हवा आत ढकलत असतो तेव्हा केबिनमध्ये थोडा दाब असतो आणि तो मागच्या फटींतून आत येऊ पाहणारी हवा बाहेरच ठेवतो. रिसर्क्युलेशन लावलं की तो दाब जातो आणि फटींतून हवा उलटी आत यायला लागते.

कशेडीच्या बोगद्यात किंवा धूर ओकणाऱ्या ट्रकमागे अडकलात तर रिसर्क्युलेशन बरोबर आहे. पण स्वतःच्याच गाडीचा धूर मागून येत असेल तर तेच बटण नुकसान करतं. पुष्कळ जण वास आला की आपोआप तेच दाबतात.

तिसरी पायरी: डिक्की, बीडिंग आणि दहाची नोट

गाडी पुढे पळते तेव्हा तिच्या पाठीमागे हवेची पोकळी तयार होते. एसटी गेली की पाचोळा तिच्या मागे गरगरत धावतो, ती हीच पोकळी. हॅचबॅकची मागची काच सगळ्यात आधी चिखलाने भरते, तेही यामुळेच. सायलेन्सरचं तोंड नेमकं या पोकळीत उघडतं. म्हणजे गाडीमागे धूर घुटमळत असतोच, त्याला फक्त वाट हवी असते.

सगळ्यात मोठी वाट म्हणजे अर्धवट उघडी डिक्की. गणपतीत आणि मे महिन्यात आंब्याच्या पेट्या, नारळाची पोती, सायकल, गादी भरून डिक्की दोरीने बांधून गाड्या दोनशे-अडीचशे किलोमीटर जातात. मागे मुलं सामानावर झोपलेली असतात. हात जोडून सांगतो, हे करू नका. सामान टपावर बांधा, नाहीतर टेम्पोने पाठवा.

डिक्की पूर्ण लागत असेल तर तिच्या बीडिंगकडे, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीकडे, या. दहाची नोट बीडिंगवर अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवा, डिक्की लावा आणि नोट ओढा. घट्ट लागली पाहिजे. अलगद सरकली तर तिथे रबर दबलंय. असं चारी बाजूंनी दर वीतभर अंतरावर करा. मागच्या दारांनाही करा. दुसरा मार्ग रात्रीचा: अंधारात डिक्कीत मोबाइलचा टॉर्च लावून डिक्की बंद करा आणि बाहेरून फिरून बघा. प्रकाशाची रेघ दिसली, तर तिथून धूरही येतो.

बीडिंगच्या तपासणीत मी आधी मागच्या कॅमेऱ्याची वायर शोधतो. बाहेरून बसवलेल्या कॅमेऱ्याची वायर कित्येक ठिकाणी बीडिंगखालूनच आत नेलेली असते. सुतळीएवढी वायर, पण तिच्या दोन्ही बाजूंना रबर उचललं जातं. कधी नंबर प्लेटमागे पत्र्याला भोक पाडून वायर घेतात आणि त्याला रबरी बूच बसवत नाहीत. पन्नास रुपयांच्या बुचाने सुटलेल्या तक्रारी मी पाहिल्या आहेत.

चौथी पायरी: बंपरमागच्या झडपा

हा भाग फार कमी जणांना माहीत असतो, म्हणून इथे जरा थांबतो.

ब्लोअर आत हवा ढकलतो, ती कुठूनतरी बाहेर जायला हवी. त्यासाठी बहुतेक गाड्यांना मागच्या बंपरच्या आड, डाव्या-उजव्या कोपऱ्यात, पातळ रबराच्या पट्ट्यांच्या झडपा असतात. हवा बाहेर जाताना पट्ट्या उघडतात, उलट येऊ लागली की मिटतात. दार जोरात लावलं की कानाला दडा बसत नाही, तो या झडपांमुळे.

या पट्ट्या वाळतात, वाकतात, त्यांच्यात माती बसून त्या उघड्याच राहतात. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात ज्या गाड्या बुडाल्या, त्या धुऊन-पुसून परत रस्त्यावर आल्या. इंजिन, सीट, वायरिंग सगळ्यांनी केलं. झडपांमधला गाळ कुणी काढला नाही. पुढची दोन-तीन वर्षं धुराच्या वासाच्या कितीतरी तक्रारींत मला तोच वाळलेला गाळ सापडत होता.

आणि मागून ठोकलेली गाडी डेंटिंग-पेंटिंग करून येते तेव्हा ही झडप परत बसवायची राहून जाते. बंपर लागला की आतलं काही दिसत नाही. पत्र्यात वहीएवढं चौकोनी भोक उघडं राहतं.

घाटात उलट्या झालेल्या त्या कुटुंबाच्या गाडीत हेच होतं. डावी झडप नव्हतीच. आधी कधीतरी मागून धक्का बसला होता, बंपर रंगवून घेतला होता. वास यायला लागल्यावर सायलेन्सर बदलला, कारण तो खरंच फुटलेला होता. पण भोक तसंच राहिलं. चढावर इंजिन जोर करू लागलं की सायलेन्सरच्या शेपटीतून निघणारा धूर थेट मागच्या सीटखाली.

तपासायचं कसं? डिक्कीतलं सामान, चटई, बाजूचं प्लास्टिक काढा. आतून झडप दिसते. इंजिन बंद ठेवून ब्लोअर जोरात लावा, काचा बंद करा आणि पेटवलेली उदबत्ती झडपेजवळ धरा. धूर बाहेर ओढला गेला पाहिजे. ब्लोअर बंद केल्यावर पट्ट्या आपोआप मिटल्या पाहिजेत. पेट्रोल किंवा सीएनजीचा जरा जरी वास असेल तर उदबत्ती लावायची नाही, नुसत्या डोळ्यांनी बघा. सिलिंडर डिक्कीतच असलेल्या गाडीत तर मुळीच नाही. बंपर काढून झडप बसवणं तासाभराचं काम आहे. त्याच वेळी टेललाइटमागचं पॅकिंग आणि स्टेपनीच्या खड्ड्यातली रबरी बुचं बघून घ्या. खड्ड्यात पाणी साचत असेल तर तिथून धूरही येतो, हे ठरलेलं.

पाचवी पायरी: गाडीखाली नजर

आता पहिलं भोक. इंजिन पूर्ण गार असताना. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही, कितीही घाई असली तरी. घोडी (गाडी तोलून धरणारा लोखंडी स्टँड) लावा, नाहीतर गॅरेजच्या रॅम्पवर घ्या.

टॉर्च घेऊन मागून पुढे या. काजळीचा काळा डाग शोधा. धूर जिथून सुटतो तिथे तो फवाऱ्यासारखा पसरलेला असतो. जोडांवर, वेल्डिंगच्या रेघेवर, सायलेन्सरच्या डब्याच्या शिवणीवर. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोका. चांगला पत्रा टणक वाजतो, कुजलेला भदभद.

कोकणात सायलेन्सर लवकर का जातात, असं विचारतात. खारी हवा आहेच, पण तो बाहेरून कमी आणि आतून जास्त गंजतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. लांब पल्ल्यात ते वाफ होऊन निघून जातं. घर ते बाजार, बाजार ते शाळा अशी दोन-तीन किलोमीटरची ये-जा असेल तर सायलेन्सर पुरता तापतच नाही, पाणी आत साचतं, त्यात धुरातले आम्ल घटक मिसळतात आणि डबा तळातून खातात. काही डब्यांना खाली टाचणीएवढं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, पाणी निथळायला. ते गळतीचं समजून बुजवू नका.

सायलेन्सर ज्या रबरांवर लटकतो ती ओढून बघा. एक तुटलं तरी पाइप खाली लोंबतो, खड्ड्यात आदळतो, आणि ताण पुढच्या जोडावर येतो. गळती पुढे, कारण मागे. शंभर-दोनशेच्या रबराकडे दुर्लक्ष करून लोक हजारोंचा पुढचा पाइप बदलतात आणि सहा महिन्यांत तोही फुटतो. शेपटीचं टोक बंपरच्या बाहेर येतं का तेही बघा. काही ठिकाणी गावठी सायलेन्सर बसवताना ते आखूड ठेवतात आणि धूर गाडीखालीच सुटतो.

सहावी पायरी: साबणाचं पाणी

डोळ्यांना काही सापडलं नाही तर फवारणीच्या बाटलीत साबणाचं पाणी घ्या. मोकळ्या जागी, गार इंजिन सुरू करा. दुसऱ्या माणसाने जाड ओलं फडकं सायलेन्सरच्या तोंडावर दाबून चार-पाच सेकंद धरायचं, तोंड बाजूला ठेवून. आत दाब वाढतो, कुठेतरी फुसफुस ऐकू येते. त्या जोडावर पाणी मारा, फेस फुगला की सापडलं. मिनिट-दोन मिनिटांत थांबा, पाइप भाजण्याइतका तापतो. आणि हे काम शटर बंद करून करायचं नाही. गार इंजिनचा धूर सगळ्यात विषारी असतो, कारण कॅटलिटिक कन्व्हर्टर काही शे अंश तापल्याशिवाय कामालाच लागत नाही.

मधल्या जोडाचं पॅकिंग, क्लॅम्प, नटबोल्ट हे घरी हात चालत असेल तर करता येतं. इंजिनमधून धूर निघाल्यावर लागणारा जाळीचा लवचीक पाइप फुटला असेल तर तो कापून नवा वेल्ड करावा लागतो. जाळी बाहेरून शाबूत दिसते आणि आतली नळी चिरलेली असते, म्हणून हाताने हलवून, वाकवून बघा.

सातवी पायरी: इंजिन जास्त पितंय का?

गळती नाही, तरी वास जबर आहे, तर धूरच घाण आहे. एअर फिल्टर काढून उजेडात धरा. प्लग काढा: काळे, काजळी धरलेले, पेट्रोलने ओले असतील तर मिश्रण बिघडलंय किंवा इंजिनचा एक सिलिंडर मिसिंग करतोय, म्हणजे नीट पेटत नाही. पीयूसीची पावती काढून वाचा. लोक ती फक्त दंडासाठी जवळ ठेवतात, पण तिच्यावर तुमच्या इंजिनच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड टक्क्यांत आणि हायड्रोकार्बन पीपीएममध्ये लिहिलेला असतो. मागच्या वर्षीच्या पावतीशी ताडून बघा. आकडा चढलेला असेल तर प्लग, कॉइल, ऑक्सिजन सेन्सर, इंजेक्टर या क्रमाने जा. सेन्सरचं निदान स्कॅनर लावूनच करायचं, अंदाजाने पार्ट बदलायचे नाहीत.

डिझेल गाड्यांसाठी

पुढून वास, चढावर जास्त, इंजिनमधून च्यफ-च्यफ आवाज: बॉनेट उघडून वरचं प्लास्टिक काढा आणि इंजेक्टरच्या बुडाशी बघा. डांबरासारखा काळा, कडक थर जमला असेल तर इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर गेलाय. जळता वायू तिथून वर येतो आणि ब्लोअर तो आत घेतो. वॉशर स्वस्त आहे, पण इंजेक्टर काढणं नाजूक काम. बसकण साफ न करता नवा वॉशर टाकला तर महिन्यात परत तेच. ईजीआरचा (थोडा धूर परत इंजिनात नेणारा) पाइप आणि टर्बोचे जोडही याच वेळी बघून घ्यायचे.

इथे थांबा, जाणत्या मिस्त्रीला बोलवा

मॅनिफोल्डचे स्टड, म्हणजे तो इंजिनच्या हेडला धरून ठेवणारे बोल्ट, गंजलेले असतील तर हात लावू नका. ते हेडमध्ये तुटले की साध्या पॅकिंगचं काम हेड उतरवण्यापर्यंत जातं. पेट्रोल टाकीजवळचं वेल्डिंग घरी किंवा रस्त्याकडेला करायचं नाही. कुठलंही वेल्डिंग करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला सांगा, नाहीतर ईसीयू जाऊ शकतो. इंजेक्टर, टर्बो, सीएनजी, चेक इंजिनचा दिवा: हेही मिस्त्रीचंच काम. सहा पायऱ्या करूनही गळती सापडली नाही तर ज्याच्याकडे स्मोक मशीन आहे त्याच्याकडे जा. पाइपात धूर भरला की केसाएवढी चीरही दिसते.

कॅटलिटिक कन्व्हर्टर "काढून टाकू, पिकअप वाढेल" असं कुणी म्हणालं तर गाडी परत घेऊन या. कार्बन मोनॉक्साइड जाळतो तो हाच कन्व्हर्टर. तो काढणं बेकायदेशीर आहे आणि गाडीतल्या माणसांच्या जिवाशी खेळ आहे. उष्णतेची टेप आणि पुट्टी फक्त गॅरेजपर्यंत पोचायला. आणि मागची फट बुजवून वास थांबला म्हणून फुटलेला मॅनिफोल्ड तसाच ठेवायचा नाही. उलट, मॅनिफोल्ड केला म्हणून झडप राहू द्यायची नाही.

झालं का, हे कसं ओळखायचं

नाकावर सोडू नका. आकडा दाखवणारा, बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड मीटर ऑनलाइन मिळतो. मोकळ्या हवेत सुरू करून तो मागच्या सीटवर, लहान मूल बसतं त्या उंचीला ठेवा. काचा बंद, आधी बाहेरची हवा, मग रिसर्क्युलेशन, वीस मिनिटं सपाट रस्ता आणि दहा मिनिटं चढ. गर्दीत बाहेरच्या हवेमुळे आकडा थोडा हलतो, ते समजून घ्या. पण मोकळ्या रस्त्यावर तो शून्याच्या आसपासच राहिला पाहिजे. चढाला लागल्यावर चढत गेला तर अजून एक भोक शिल्लक आहे.

त्या कुटुंबाच्या गाडीला झडप बसवली, बीडिंग बदललं आणि नव्या सायलेन्सरचा ढिला राहिलेला क्लॅम्प आवळला. मग मी स्वतः मागच्या सीटवर मीटर घेऊन बसलो आणि दादांना कुंभार्लीच्या माथ्यापर्यंत चालवायला सांगितलं, काचा बंद, रिसर्क्युलेशन लावून. माथ्यावर थांबलो तेव्हा मीटरवर शून्य होता. आजींना फोन करून दादांनी तोच आकडा सांगितला.